थोरल्या झाडाची पेटी

“पेटी आत न्या आणि आंबे कापून आणा,” डॉक्टर सरपोतदार म्हणाले, आणि त्यांचे दोन्ही विद्यार्थी एकाच वेळी उठले.

मला ते आवडले. सांगताच माणसे उठतात ते घर नीट चालले आहे असे समजावे, हा माझा जुना ठोकताळा. एकाने पेटीतून सहा आंबे मोजून काढले, दुसऱ्याने आतल्या खोलीचे दार उघडून धरले. भिंतीवर सरपोतदारांच्या हाताखाली डॉक्टर झालेल्यांचे फोटो ओळीने लावलेले होते. एकवीस. बावीस क्रमांकाची चौकट आधीच ठोकून ठेवली होती. तिच्यात फोटो तेवढा नव्हता.

ती चौकट मी केतकीला नजरेने दाखवली. माझी नात शेजारच्या खुर्चीत मांडीवर फाईल घेऊन बसली होती. तिने चौकट पाहिली आणि मान खाली घातली.

ही पंधरा वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली गोष्ट. केतकीने शेतकीची एम. एस्सी. पहिल्या वर्गात पुरी केली होती आणि पुढच्या संशोधनासाठी तिला शिष्यवृत्ती मिळाली होती. अट एकच. शनिवारपर्यंत मार्गदर्शकाचे सहीचे संमतिपत्र पाठवायचे, नाहीतर शिष्यवृत्ती यादीतल्या पुढच्या मुलाला जायची. आज मंगळवार होता. मार्गदर्शकाचे नाव एकदा कागदावर लागले की पाच वर्षे ते बदलत नाही, असे केतकीनेच मला समजावून सांगितले होते. “गाईड मी बघते, माई,” असेही ती म्हणाली होती. घरातली लहानथोर सगळी मला माईच म्हणतात.

“या घरात जावई मी पाहिले, सुना मी पाहिल्या, विहिरीची जागासुद्धा मी दाखवली,” मी तिला म्हणाले, “आणि गुरू तू बघणार?”

आमच्या घरात माझ्या बोलण्यावर कोणी बोलत नसे. माझे यजमान शाळामास्तर होते. सकाळी शाळा, संध्याकाळी वर्तमानपत्र. देवगडच्या कातळावरची साडेतीनशे हापूसची झाडे मी सांभाळली, वाढवली, आणि फाटकावर स्वतः उभी राहून पाटी रंगवून घेतली: ‘कातवणकरांची बाग. साका नसलेला हापूस.’

साका म्हणजे काय ते ज्यांच्या घरी हापूस पिकत नाही त्यांच्यासाठी सांगते. फळ बाहेरून सोन्यासारखे दिसते, वास घमघमतो, आणि कापले की बाठ्याजवळचा गर पांढुरका, सच्छिद्र, आंबट निघतो. बाहेरून कोणालाही ओळखता येत नाही. कोकणातल्या प्रत्येक बागेला हा शाप आहे. माझ्या बागेला नव्हता. सासऱ्यांनी लावलेल्या थोरल्या झाडाची फळे मी पन्नास वर्षे खात होते. माझ्या ताटात साक्याची एक फोड कधी आली नाही. म्हणून नातीने संशोधनाला साका हाच विषय निवडला तेव्हा मला नवल वाटले होते. “दुसऱ्याच्या घरचं दुखणं कशाला उकरतेस?” मी विचारले होते.

आतून आंबा आला. काचेच्या बशीत केशरी फोडी, वर काटे टोचलेले. बशी अर्धीच भरली होती. आत पोरांनी दोनचार फोडी तोंडात टाकल्या असतील, तरुण वय आहे, असे मनात म्हणून मी सोडून दिले.

“वा, माई! अमृत आहे,” सरपोतदार म्हणाले. “साक्याचं नाव नाही. काय रे?”

“नाही, सर,” दोघे विद्यार्थी उभ्यानेच म्हणाले.

“सर,” केतकीने फाईल उघडली, “मला साक्यावरच काम करायचं आहे. मी थोडी टिपणं...”

“साक्यावर सगळं होऊन गेलं आहे, बाळ. माझ्याकडे काजूच्या बोंडांचा मोठा प्रकल्प आला आहे. त्यात तुला बसवतो. चार वर्षांत डॉक्टर करतो. विषयाचं काय एवढं? काय रे?”

“बरोबर आहे, सर.”

केतकीने माझ्याकडे पाहिले. ती नजर मला आजही आठवते, कारण तेव्हा मी ती वाचली नाही.

“सर म्हणतात ते ऐक,” मी म्हणाले. सरपोतदारांनी गुरुवारी सही करून ठेवतो असा शब्द दिला, आम्हाला गाडीपर्यंत पोचवायला आले, आणि मी समाधानाने गाडीत बसले. पोरगी मार्गाला लागली, असे वाटले.

गाडी माझा मुलगा दिगंबर चालवत होता. तासाभराने केतकी म्हणाली, “माई, वाटेत संशोधन केंद्र लागतं. तिथल्या वळवी मॅडमना मी आज भेटेन म्हणून कळवलं आहे.”

“आता कशाला? होकार झाला.”

“शब्द दिला आहे, माई.”

दिगंबरने आरशातून माझ्याकडे पाहिले. दिलेला शब्द हा आमच्या घरात माझाच कायदा होता. “दहा मिनिटं,” मी म्हणाले. “गाडीतली दुसरी पेटी त्यांना दे. रिकाम्या हाताने जाऊ नये.”

डॉक्टर कुसुम वळवी कचेरीत नव्हत्या. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लांब लाकडी टेबलाशी उभ्या राहून आंबे तोलत होत्या. चाळिशीची, सावळी, ठेंगणी बाई. पायांत रबरी चपला, केसांना पेन्सिल खोचलेली. आम्ही आलो तरी त्यांनी हातातले फळ तोलून पुरे केले, आकडा सांगितला आणि मगच मान वर केली.

“बसा, आजी. पाच फळं राहिली आहेत.”

बाहेरच्या कोणी मला आजी म्हणायची पद्धत नव्हती. मी बसले नाही.

टेबलाच्या टोकाला डोक्यावर ओढणी घेतलेली एक मुलगी वहीत आकडे उतरवत होती. नफिसा मुकादम, त्यांची विद्यार्थिनी. ती मध्येच थांबली. “मॅडम, मघाचं फळ तुम्ही दोनशे नव्वद म्हणालात. एवढंसं फळ दोनशे नव्वद भरेल? काटा परत बघा.”

वळवीबाईंनी फळ परत तोलले. “दोनशे चाळीस. माझं चुकलं. खोड.”

“मग त्याच्या आधीचं पण बघू या?”

“बघू या.”

परक्या माणसांसमोर! मला राहवले नाही. “तुमच्याकडे शिष्य गुरूच्या चुका काढतात वाटतं?”

“ज्यांना काढता येत नाहीत त्यांना मी घेत नाही,” त्या साधेपणाने म्हणाल्या. “तुम्ही केतकीच्या आजी ना? तिचं पत्र आलं होतं मला. चांगलं पत्र होतं. फार आदबशीर होतं, तेवढं सोडून.”

नफिसा खुदकन हसली. केतकीही हसली, आणि आपण हसलो हे लक्षात येताच तिने ओठ मिटले.

“गाव कुठलं तुमचं?” मी विचारले.

“नंदुरबारकडचं.”

“म्हणजे हापूस तुमच्या मुलखात पिकत नाही.”

“नाही. आमच्याकडे गावठी, रायवळ. म्हणून मला हापूसचं कौतुक जरा कमी आहे. कामाला बरं पडतं ते.” पाचही फळे तोलून झाली होती. त्यांनी पेटीकडे हात केला. “हे काय?”

“माझ्या बागेचा आंबा. थोरल्या झाडाचा.”

“एकाच झाडाचा? आढीत किती दिवस होता?”

“अकरा,” केतकीने उत्तर दिले. “उतरवला त्या दिवसापासून मोजून अकरा. पेटी मीच भरली आहे.”

वळवीबाईंनी सुरी घेतली. मला वाटले, एखादा आंबा कापून तोंड गोड करतील. त्यांनी बारा आंबे टेबलावर मांडले आणि एकामागून एक, प्रत्येक फळ माझ्यासमोर कापून उघडे ठेवले. पहिला केशरी. दुसरा, तिसराही. चौथ्याला सुरी जराशी अडली. दोन्ही अर्धे उलगडले तेव्हा बाठ्याभोवती पांढरट पोकळ गर होता, भिजलेल्या कापसासारखा.

सातवा तसाच. नववा तसाच. अकरावाही.

“साका आहे, आजी,” त्या म्हणाल्या. “बारांत चार.”

“अशक्य!” माझा आवाज शेडभर घुमला असावा, कारण बाहेरून दिगंबर आत आला. “पेटी बदलली आहे. वाटेत कुठेतरी पेटी बदलली.”

“नाही, माई,” केतकी म्हणाली. “पेटी बदललेली नाही. हा थोरल्या झाडाचाच आंबा आहे.”

माझ्या शब्दावर तिने उच्चारलेला तो पहिला ‘नाही’.

“पन्नास वर्षं मी त्या झाडाचा आंबा खाते आहे,” मी वळवीबाईंना म्हणाले. “एक फोड, एक फोडसुद्धा अशी माझ्या ताटात आलेली नाही.”

त्यांनी चांगल्या फळाची एक फोड तोंडात टाकली, डोळे मिटून खाल्ली. “गोडी मात्र अशी मी दुसरीकडे पाहिलेली नाही,” त्या म्हणाल्या. मग सुरी पुसत त्यांनी विचारले, “घरी आंबा कापतं कोण?”

“कोण म्हणजे? सून कापते.”

“तुमच्यासमोर?”

दहा मिनिटे झाली होती. मी गाडीकडे चालू लागले.

रात्री मी जेवले नाही. आंबाही मागितला नाही. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला मी स्वयंपाकघरात गेले. गुडघे धरल्यापासून मी तिथे जाणे सोडले होते. माझे ताट बाहेर, टेबलावर येत असे. माझी सून वृंदा आणि केतकी आमरसाची तयारी करत होत्या. मला दारात पाहून वृंदाने हातातली परात पटकन ओट्याखाली सरकवली.

“विळी दे,” मी म्हणाले.

“माई, मी देते ना कापून. तुमचा हात...”

“हाताला काही झालेलं नाही. विळी दे, आणि थोरल्याचे आंबे दे.”

स्टुलावर बसता आले असते, पण मी पाटावर बसले आणि कापायला लागले. तिसऱ्या फळात तो निघाला. मी दोन्ही अर्धे ताटात उलगडून ठेवले आणि बोटाने ओट्याखालची परात दाखवली. वृंदाने ती बाहेर ओढली. टाकायच्या फोडींनी ती निम्मी भरली होती.

“किती वर्षं?”

वृंदा पदराशी चाळा करत उभी राहिली. “मी लग्न होऊन आले त्या पहिल्या मोसमापासून.”

“तुला कोणी शिकवलं?”

“मामंजींनी. त्याआधी आंबा तेच कापायचे.”

विळी माझ्या हातात तशीच राहिली. मामंजी, म्हणजे माझे यजमान. त्यांना जाऊन तेव्हा अकरा वर्षे झाली होती. त्या माणसाने उभ्या जन्मात माझ्याशी एक गोष्ट लपवली असेल असे मला कोणी सांगते तर मी त्याला घराबाहेर काढले असते.

“मामंजी म्हणाले,” वृंदा एकेक शब्द जपून बोलत होती, “तिने बाजारात चारचौघांत दलालाला शब्द दिला आहे. माझ्या बागेत साका निघाला तर बाग विकून टाकीन, म्हणाली आहे. खरं कळलं तर ती विकायला कमी करायची नाही. आणि बाग गेली तर ती जगायची नाही. एवढं सांभाळ, मुली.”

तो दलाल मला आठवला. “बाईमाणसाच्या हातची बाग, साका निघायचाच,” असे तो भर बाजारात म्हणाला होता. मी तेव्हा तिशीची होते. शब्द दिला होता, हे खरे.

“आणि गिऱ्हाईकं? त्यांच्या घरी कोण कापून देत होतं?”

“तक्रारीचं पत्र आलं की हे गुपचूप दुसरी पेटी पाठवतात.”

म्हणजे दिगंबरही. म्हणजे सगळे घर. पन्नास वर्षे मी ज्या घरावर राज्य केले, त्या घरात माझ्या ताटात काय यायचे नाही हे माझ्याखेरीज सगळ्यांना ठाऊक होते.

केतकी कोपऱ्यात उभी होती. तिने फडताळातून एक जाड वही काढली आणि माझ्यापुढे पाटावर ठेवली. पहिल्या पानावर शाळकरी अक्षरात तारीख होती. ती तेव्हा आठवीत असावी. आईने कापलेला प्रत्येक आंबा, त्याचे झाड, उतरवल्याचा दिवस, आणि पुढे बरोबर किंवा फुली. नऊ मोसम. शेवटच्या पानावर थोरल्या झाडाचा हिशेब होता: तिनात एक.

“मला का सांगितलं नाहीस?”

“डॉक्टर होऊन सांगणार होते,” ती म्हणाली. “तोवर तुम्ही ऐकलं नसतं. पण काल सरपोतदार सरांनी होकार दिला, आणि मी डॉक्टर होणार होते काजूच्या बोंडांची.”

“वळवीबाई फळ समोर कापतात, हे तुला माहीत होतं?”

“हो.”

“तरी मला तिथे घेऊन गेलीस?”

“म्हणूनच घेऊन गेले, माई.”

मी वही मिटली. आणि मला सरपोतदारांची ती काचेची बशी आठवली. आत सहा आंबे गेले होते. बशीत फोडी आल्या चार आंब्यांच्या. एकाही फोडीला डाग नव्हता आणि दोन्ही पोरे ‘नाही, सर’ म्हणत उभी होती. सरपोतदारांना कोणी वाईट म्हणू नये. आतल्या खोलीत काय काढून टाकले जाते ते त्या भल्या माणसालाही ठाऊक नव्हते. आमचे दोघांचे घर सारखेच नीट चालले होते.

“बाग विकणार, माई?” केतकीने हळूच विचारले.

“विकली तर तू शोध कशावर लावणार? नीट विचार करून बोलत जा.”

वृंदा एकदम रडायला लागली. तिला मी ताटातला चांगला आंबा दिला आणि तिथेच बसून खायला लावला. पंचवीस वर्षांत ती माझ्यासमोर बसून पहिल्यांदा काही खात असावी.

दुपारी मी वळवीबाईंना फोन लावला. “मी केतकीची आजी,” मी म्हणाले. “मुलगी तुमच्याकडे पाठवायचं ठरवलं आहे. संमतिपत्र तयार ठेवा.”

“तुम्ही ठरवलं आहे, आजी,” पलीकडून आवाज आला. “तिने काय ठरवलं आहे?”

मग मी केतकीला हाक मारली आणि फोन तिच्या हातात दिला. ती कानाला लावून उभी राहिली, आधी ‘हो, मॅडम’, ‘हो, मॅडम’ म्हणाली, आणि मग तिचा चेहरा बदलला. “नाही, मॅडम,” ती म्हणाली, “ते मला पटत नाही. फळांचं वजन नंतर, आधी झाडाखालच्या जमिनीचं तापमान मोजायला हवं. माझ्याकडे नऊ वर्षांचे आकडे आहेत.” पलीकडून बराच वेळ बोलणे झाले. मग केतकी हसली आणि हाताने फोन झाकून मला म्हणाली, “घेतलं! पण त्यांची एक अट आहे. पाच वर्षं थोरलं झाड संशोधनाला द्यायचं, आणि जे निघेल ते झाडाच्या नावानिशी छापायचं.”

म्हणजे ‘कातवणकरांची बाग’ आणि ‘साका’ हे शब्द एका ओळीत छापले जाणार होते.

“छापू दे,” मी म्हणाले. “आणि दिगंबरला सांग, रंगारी बोलावून फाटकावरच्या पाटीचे दोन शब्द पुसून घे. मागचा ‘हापूस’ राहू दे. तो खराच आहे.”

गुरुवारी मी सरपोतदारांना स्वतःच्या हाताने पत्र लिहिले, त्यांच्या होकाराबद्दल आभार मानले आणि नातीचा नकार कळवला. शुक्रवारी वळवीबाईंची सही झाली. नफिसा मुकादम पहिल्याच मोसमात आमच्या घरी पंधरा दिवस राहून गेली आणि तिने मला आढीतल्या गवताबद्दल तीन गोष्टी चुकीच्या आहेत म्हणून सांगितले. दोन खऱ्या निघाल्या. तिसरीबद्दल आमचा वाद अजून चालू आहे.

केतकीने झाडाखालची तापलेली जमीन वाळक्या गवताने झाकली, फळे आम्हा लोकांच्या सवयीपेक्षा चार दिवस आधी उतरवली. पाच मोसमांनंतर थोरल्या झाडाचा आकडा बारांत चारावरून बारांत एकावर आला. एक अजून आहे. तो मी मागून घेऊन पाहते.

तिच्या प्रबंधाची खुली परीक्षा झाली त्या दिवशी मी पहिल्या रांगेत बसले होते. एका बाजूला दिगंबर आणि वृंदा, दुसऱ्या बाजूला वळवीबाई; त्या दिवशी त्यांच्या पायांत चामडी चपला होत्या, केसांत पेन्सिल मात्र होतीच. पडद्यावर पहिलेच चित्र थोरल्या झाडाच्या कापलेल्या फळाचे होते, पांढऱ्या गरासकट, आणि खाली आमच्या बागेचे नाव. मागच्या बाजूला कुजबुज झाली. मी ताठ बसून राहिले.

दुसरे चित्र झाडाचे होते. “हे झाड पंचाहत्तर वर्षांचं आहे,” केतकी म्हणाली.

मी उठून उभी राहिले. परीक्षक चष्म्यावरून पाहू लागले. वृंदाने माझा पदर ओढला.

“चूक आहे,” मी म्हणाले. “सासऱ्यांनी ते लावलं त्या वर्षी माझे यजमान जन्मले. या आषाढात एकोणऐंशी पुरी होतील.”

केतकीने वळवीबाईंकडे पाहिले. वळवीबाईंनी केसांतली पेन्सिल काढली, आपल्या हातातल्या प्रबंधाचे पान उलटले, आणि मान वर न करता म्हणाल्या,

“खोड, केतकी. आजी बरोबर आहेत.”